डाय पुसण्याआधी: पत्राकामातलं तेल आणि हत्याराची झीज

प्रेसवरून डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा, उतरली की नवा पोरगा पहिलं काम काय करतो, तर कॉटन वेस्ट घेऊन ती लख्ख पुसून ठेवतो. त्याला वाटतं फोरमन खूश होईल. मी त्याच्या हातातली चिंधी काढून घेतो. पुसली म्हणजे पुरावा गेला. तेल कुठे साचलंय, कुठे करपून काळं पडलंय, कुठे टिपूसही नाही, त्यात चंदेरी भुकटी आहे की तांबडी माती, एवढं पाहिल्याशिवाय तेल बदलायचं, डाय घासायची की दोन्हींना हात लावायचा नाही, हे ठरत नाही.

आयटीआय करून गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, थिवी किंवा सत्तरीतल्या होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत नुकतेच प्रेस शॉपला चिकटलेल्यांसाठी हे लिहितोय. मी डिचोलीचा. टूल रूममध्ये केस पिकवले, आणि त्यातली निम्मी वर्षं तेलावरून वाद घालण्यात गेली. पर्चेसवाल्यांच्या लेखी तेल म्हणजे लिटरचा भाव. डायच्या लेखी ती पत्र्याच्या आणि तिच्या मधली एकमेव वस्तू.

आधी थोडी समजूत

पॉलिश केलेली डाय हाताला आरशासारखी लागते, पण सूक्ष्मदर्शकाखाली ती आपल्या जांभ्या चिऱ्यासारखी खडबडीत दिसते. पत्राही तसाच. एका चिऱ्यावर दुसरा ठेवला तर ते सगळ्या पृष्ठभागाने टेकत नाहीत, उंचवटे तेवढे उंचवट्यांवर बसतात. डायचंही तेच होतं. सगळा दाब त्या मोजक्या टोकांवर येतो, तिथे धातू क्षणभर तापतो आणि एकमेकांना चिकटतो. पत्रा पुढे सरकला की ती चिकटलेली टोकं तुटतात.

जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ च्या सुमारास बेअरिंगवर प्रयोग करून दाखवलं की वेग आणि तेलाचा दाटपणा वाढला, भार कमी झाला, की तेलाचा थर जाड होतो आणि दोन्ही पृष्ठभाग तेलावर तरंगतात. फिरत्या शाफ्टला हे सुख मिळतं. प्रेसला नाही. आपल्याकडे भार प्रचंड, आणि स्ट्रोकच्या तळाशी वेग शून्य. म्हणजे आपली डाय बहुतेक वेळ अर्धी तेलावर, अर्धी थेट धातूवर चालते. केवळ दाट तेल ओतून ती वाचत नाही याचं कारण हेच. थर फाटल्यावरही धातूला धरून राहील असं काहीतरी तेलात लागतं.

दुसरं नाव आर्चर्ड. त्यांनी १९५३ मध्ये झिजेचं साधं सूत्र मांडलं: भार आणि घासण्याचं अंतर वाढलं की झीज वाढते, झिजणाऱ्या पृष्ठभागाचा कठीणपणा वाढला की कमी होते, आणि या सगळ्याला एक गुणांक लागतो. भार आणि अंतर जॉबच्या, म्हणजे बनवायच्या वस्तूच्या, आराखड्याने ठरवलेलं. कठीणपणा हत्याराच्या पोलादाने. आपल्याकडे बहुधा एचसीएचसीआर, म्हणजे डी-टू, ५८ ते ६२ रॉकवेल. उरला तो गुणांक, आणि तेल नेमकं त्यालाच हात घालतं. तो दुप्पट-तिप्पट नव्हे, शेकडो पटींनी वरखाली होऊ शकतो.

पायरी पहिली: डाय वाचा

डाय बाकावर घ्या. ट्यूबलाइटखाली अशी धरा की उजेडाची सरळ रेघ रेडियसवर, म्हणजे डायच्या गोलावलेल्या कडेवर, पडेल. रेघ जिथे तुटते किंवा लहरते तिथे काहीतरी आहे. मग अंगठ्याचं नख पत्रा सरकण्याच्या दिशेला आडवं फिरवा. नख अडकलं तर ते वर चढून अडकलं की खाली पडून, एवढंच लक्षात ठेवा. निम्मं निदान तिथेच होतं.

नख वर चढतं, म्हणजे डायवर काहीतरी बसलंय. पत्र्याचाच धातू सोलून डायला चिकटला आहे. याला शॉपमध्ये पिकअप म्हणतात. हा चिकटलेला कण दाबाखाली मळला जाऊन मूळ पत्र्यापेक्षा कठीण होतो आणि पुढच्या प्रत्येक जॉबवर नांगरासारखा फिरतो. म्हणून जॉबवरचे चरे नेहमी एकाच जागी येतात आणि तासागणिक खोल होत जातात. हा तेलाचा रोग आहे: थर फाटतोय आणि फाटल्यावर सांभाळणारं रसायन कमी पडतंय.

नख खाली पडतं, म्हणजे डाय खरवडली गेली आहे. कोणीतरी कठीण कण मध्ये आला. काळ्या एचआर (गरम लाटलेल्या) पत्र्यावरची खपली, कापलेल्या कडेचा बर, म्हणजे तिथे उरलेली धारदार कोर, धूळ. इथे तेल बदलून फारसं हाती लागत नाही.

एकदा एका जॉबवर असेच बारीक समांतर चरे यायला लागले. तेलवाल्याला बोलावलं, तेल बदललं. पुन्हा बोलावलं, पुन्हा बदललं. दिवस उन्हाळ्याचे, शटर उघडं, आणि समोरच्या कच्च्या रस्त्यावरून ट्रक. तेल लावलेले ब्लँक, म्हणजे कापलेले पत्र्याचे तुकडे, शटरशेजारी थप्पी लावून ठेवलेले. एकावर बोट फिरवून पांढऱ्या कागदावर टेकवलं तर तांबडा ठसा उठला. आपल्या मातीत लोहाचे ऑक्साइड असतात आणि क्वार्ट्झचे कण असतात. क्वार्ट्झ हत्याराच्या पोलादाच्या तोडीचा कठीण. तेल म्हणजे त्या धुळीला गोंद. थप्पीवर ताडपत्री टाकली, चरे थांबले. दोन वेळा बदललेल्या तेलाचे पैसे कोणी परत दिले नाहीत.

तिसरा प्रकार धारेचा. ब्लँकिंगच्या (पत्रा कापण्याच्या) पंचाची, म्हणजे डायमध्ये उतरणाऱ्या हत्याराची, कड गोल होते किंवा टवका उडतो. गोल झालेल्या कडेत तेलाचा वाटा असतो. टवका उडाला तर आधी क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट), अलाइनमेंट आणि हीट ट्रीटमेंट तपासा. साध्या पोलादी पत्र्याला बाजूला साधारण ५ ते ८ टक्के क्लिअरन्स धरतात, म्हणजे १ मिमी पत्र्याला ०.०५ ते ०.०८ मिमी. ते चुकलं असेल तर जगातलं कुठलंही तेल धार वाचवणार नाही.

पायरी दुसरी: पत्रा ओळखा

चॅलनवर काय लिहिलंय ते वाचा, आणि तरीही पत्रा डोळ्यांनी बघा. साधा सीआर, म्हणजे थंड लाटलेला, पत्रा या सगळ्यांत गरीब. त्याच्या ग्रेड डी, डीडी, ईडीडी. जितकी खोल ओढ (पत्रा ओढून वाटीसारखा आकार देणं) तितकी पुढची ग्रेड. त्याच्यावर मिलमधून गंजरोधक तेलाचा पातळ हात असतोच, आणि उथळ कामाला तो पुष्कळदा पुरतो. पण गंजरोधक तेल म्हणजे ड्रॉइंग तेल, या ओढीचं तेल, नव्हे.

जीआय पत्र्यावरचा जस्ताचा थर मऊ असतो. दाबाखाली त्याची भुकटी होते, तेलात कालवली जाते आणि डायच्या कोपऱ्यात करड्या लगद्यासारखी बसते. मी वर चंदेरी भुकटी म्हटलं ती हीच. असा लगदा दिसला तर तेल दाट करण्यापेक्षा पातळ, कण वाहून नेणारं तेल आणि डाय पुसण्याची ठरलेली वेळ जास्त उपयोगी.

स्टेनलेस हा खरा मस्तवाल. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून तो गंजत नाही. ताणला की तो पापुद्रा फाटतो आणि खालचा ताजा धातू डायच्या पोलादाला कडकडून चिकटतो. शिवाय ३०४ ग्रेड ओढता ओढता कठीण होत जाते, आणि उष्णता बाहेर टाकायला फार मंद. म्हणजे संपर्काची जागा तापते, तेल पातळ होतं, आणखी चिकटतं. स्टेनलेसची भांडी ओढणारे काही जण पोलादी डायऐवजी ॲल्युमिनियम ब्राँझची डाय वापरतात, कारण स्टेनलेसचं तिच्याशी तितकं सूत जुळत नाही. ब्राँझ लवकर झिजते, पण जॉबवर चरा उठत नाही. पॉलिश केलेल्या जॉबला हा सौदा परवडतो.

ॲल्युमिनियम स्वतः मऊ आणि चिकट, पण त्याचं ऑक्साइड अतिशय कठीण. दोन्ही रोग एकाच अंगात.

तांबं-पितळ ओढायला सोपं. तिथे सांभाळायची गोष्ट एकच: तेलात सक्रिय सल्फर नको, नाहीतर दुसऱ्या दिवशी जॉब काळे.

पायरी तिसरी: तेल निवडा

डब्यावरचं नाव सोडा, त्याचा डेटाशीट मागा. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक दाटपणा, दुसरी आत काय घातलंय.

दाटपणा आयएसओ व्हीजी आकड्यात देतात. व्हीजी १०० म्हणजे ४० अंश सेल्सियसला सुमारे १०० सेंटिस्टोक. हेच तेल १०० अंशांना जेमतेम ११ सेंटिस्टोक उरतं. सकाळी पहिले पन्नास जॉब छान आणि जेवणाच्या सुट्टीआधी चरे, याचं कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं. डाय तापली, मधासारखं तेल पाण्यासारखं झालं. म्हणून ट्रायल घेताना वीस जॉबवर समाधान मानू नका. डाय तापेपर्यंत प्रेस चालू द्या.

आता आत काय घातलंय. सर्वांत जुना प्रकार म्हणजे स्निग्ध पदार्थ. आपल्या खोबरेलाचंच घ्या. मेदाम्लाच्या रेणूला एक डोकं असतं, ते धातूला धरतं, आणि लांब शेपूट बाहेर राहतं. असे असंख्य रेणू दाटीने उभे राहिले की गालिचा तयार होतो आणि दोन धातू शेपटांवरून घसरतात. म्हणूनच जुने कारागीर पत्रा वाकवताना, ठोकताना खोबरेल, चरबी किंवा साबण लावत, आणि ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. आज कोणी प्रेसवर खोबरेल वापरू म्हणालं तर मी नको म्हणेन. ते २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, हवेने खवट होतं, दमट हवेत त्यातून आम्ल सुटतं आणि धातूवर हिरवट-तांबूस डाग पडतात. पण तत्त्व तेच. बाजारातल्या तेलात एस्टर नावाने जे असतं ते याच घराण्यातलं, जरा शिकून आलेलं.

हा गालिचा शंभर-दीडशे अंशांच्या पुढे तग धरत नाही. त्यापुढचं काम अतिदाबाच्या रसायनांचं: क्लोरिन, सल्फर, फॉस्फरस. ही गरम जागी पोलादाशी प्रक्रिया करून तिथल्या तिथे एक पातळ, सहज कापला जाणारा थर तयार करतात. तो थर झिजतो, पुन्हा बनतो, पुन्हा झिजतो. झिजतो थर, वाचते डाय. सल्फरचा थर क्लोरिनच्या थरापेक्षा जास्त तापमानापर्यंत टिकतो.

क्लोरिनयुक्त तेल स्टेनलेसवर फार छान चालतं, म्हणून तेलवाला तेच पुढे करतो. इथे माझा वाद असतो. धुताना क्लोराइड मागे राहिलं तर स्टेनलेसला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि गोव्यात समुद्राची खारी हवा त्याला आयतीच साथ देते. शिवाय असा न धुतलेला जॉब वेल्डिंगला गेला तर विषारी, झोंबणारा धूर होतो. छोट्या साखळीची क्लोरिनेटेड पॅराफिन २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदी यादीत गेली आहेत. त्यामुळे तेलवाल्याला सरळ विचारा: क्लोरिन आहे का, कुठल्या प्रकारचं? उत्तर गोलमोल आलं तर दुसरा तेलवाला बघा.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ग्रॅफाइट ही घन वंगणं. कठीण कामात भरवशाची, पण धुवून निघता निघत नाहीत. रंगकाम होणाऱ्या जॉबला मी ती लावू देत नाही. आपोआप उडून जाणारं व्हॅनिशिंग तेल हलक्या कामाला, धुण्याचा खर्च वाचवायला ठीक. ते ज्वालाग्राही असतं, तेव्हा हवा खेळती हवी आणि शेजारी ग्राइंडर नको.

पायरी चौथी: कुठे लावायचं, किती लावायचं

नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. सगळीकडे भरपूर. वाटी ओढताना पत्रा डायच्या रेडियसवरून आणि होल्डरखालून (ब्लँकचा काठ दाबून धरणाऱ्या भागाखालून) सरकतो. तिथे तेल हवं. पंचाच्या नाकाला मात्र पत्रा घट्ट धरून राहायला हवा, तिथलं घर्षण आपल्या फायद्याचं. पंचालाही तेल चोपडलं तर तळाशी पत्रा पातळ होतो आणि कोपऱ्यात फाटतो. १८० मिमीच्या ब्लँकमधून १०० मिमीची वाटी, म्हणजे १.८ चं गुणोत्तर, एका ओढीत निघते. २ च्या आसपास गेलात की हा पंचाकडचा कोरडेपणा जॉब आणि भंगार यांच्यातला फरक ठरतो.

जास्त तेलाचे उपद्व्याप आणखी आहेत. घर्षण कमी झालं की होल्डरची पकडही सुटते आणि जॉबच्या काठाला सुरकुत्या येतात. चांगलं तेल आणलं आणि जॉब बिघडले, अशी तक्रार आली की आधी होल्डरचा दाब थोडा वाढवून बघा. पंचिंगमध्ये दाट तेलाने स्लग, म्हणजे भोकातून निघालेली टिकली, पंचाच्या तोंडाला चिकटून वर येतो आणि पुढच्या जॉबवर ठसा उमटवतो. आणि सगळ्यात महागडा प्रकार: दोन ब्लँक तेलाने एकमेकांना चिकटतात, ऑपरेटरला एकच वाटतो. मी त्या वेळी दोन प्रेस सोडून उभा होतो. आवाज नेहमीच्या ठोक्यापेक्षा वेगळा, भरीव आला. शॉपमधले सगळे एकदम गप्प. ऑपरेटर माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, "पात्रांव, डाय गेली." खालची डाय एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकलेली.

मग किती? मोजायची एक सोपी रीत आहे. २०० गुणिले २५० मिमीचा तुकडा घ्या. एका बाजूचं क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर, दोन्ही मिळून ०.१. तेल लावलेला तुकडा वजन करा, मग ॲसिटोनने स्वच्छ पुसून, वाळवून पुन्हा वजन करा. फरक ०.३० ग्रॅम आला तर तुमचं तेल ३ ग्रॅम प्रति चौरस मीटर. ०.८ मिमी जाडीचा असा तुकडा ३१४ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणून ५०० ग्रॅम क्षमतेचा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. सोनाराकडे असतो तसा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १.१ मायक्रॉनचा थर. मिलमधून आलेल्या पत्र्यावर बहुधा एक-दोन ग्रॅम असतं. ब्रशने लावणाऱ्या हेल्परच्या हाताखालचे पाच तुकडे असे मोजा. आकडे पाच दिशांना पळालेले दिसतील, आणि "तेल वाईट आहे" या तक्रारीचं मूळ तेलात नसून ब्रशमध्ये सापडेल. रोलर किंवा ठरावीक मात्रेचा स्प्रे बसवायला मालकाला पटवायचं असेल तर हा कागद पुढे ठेवा.

प्रेस चालू असताना ब्रश घेऊन डायमध्ये हात घालायचा नाही. गार्ड काढून तेल लावणारा अनुभवी ऑपरेटर तुम्हाला हमखास भेटेल. त्याच्याकडून बाकी सगळं शिका.

पायरी पाचवी: ट्रायल घ्या आणि लिहा

एका वेळी एकच गोष्ट बदला. तेल बदललं त्याच दिवशी डायही पॉलिश केली तर श्रेय कोणाला द्यायचं? डाय पॉलिश करायची ती पत्रा सरकतो त्या दिशेने, शेवटी डायमंड पेस्टने. आडवं पॉलिश केलं की प्रत्येक रेघ छोटा कानस बनते.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, कॉइल नंबर, तेल आणि त्याची मात्रा, कितवा जॉब, काय दिसलं. ब्लँकिंगमध्ये दर काही हजार ठोक्यांनंतर बरची उंची मायक्रोमीटरने मोजा. बर वाढण्याचा वेग अचानक चढला की धार लावायची वेळ आली. धार लावायला उशीर केला तर पुढच्या वेळी दुप्पट धातू ग्राइंडिंगमध्ये घालवावा लागतो. दोन धार लावण्यांमधले ठोके हाच तेलाच्या किमतीचा खरा हिशेब. लिटरमागे थोडं महाग तेल इथे स्वस्त पडतं; वही असेल तर ते दाखवता येतं, नसेल तर पर्चेसवाला जिंकतो. आमच्याकडे एकदा जिंकला होता. स्टेनलेसच्या जॉबचं ठरलेलं तेल जाऊन न विचारता स्वस्त पिंप आलं, आणि शिफ्ट संपायच्या आत रेडियसवर नख अडकायला लागलं. माझ्याकडे आधीच्या तेलाचे आकडे लिहिलेले नव्हते, आणि पुढचे चार महिने मी दर आठवड्याला तीच डाय घासत बसलो.

पायरी सहावी: पाण्यात मिसळणारं तेल आणि आपला पावसाळा

हलक्या-मध्यम कामाला दुधाळ इमल्शन चालतं. ते डाय गार ठेवतं, धुवायला सोपं. मिसळताना पाण्यात तेल घाला, तेलात पाणी नव्हे; उलट केलं तर दही होतं. विहिरीचं पाणी वापरत असाल तर आधी तपासून घ्या, जड पाण्यात इमल्शन फुटतं. प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने बघा, आणि वाचन आलं की डेटाशीटमधल्या गुणकाने गुणा. वाचन ५, गुणक १.५, तर खरं प्रमाण ७.५ टक्के. हा गुणाकार विसरणारे पुष्कळ.

एप्रिल-मे मध्ये पाणी उडून प्रमाण वाढतं, तेव्हा भर घालायची ती पातळ मिश्रणाची. पावसाळ्यात वेगळंच. बंद टाकीत जिवाणू वाढतात, सोमवारी सकाळी झाकण उघडलं की कुजक्या अंड्याचा वास. पीएच साधारण ८.५ ते ९.५ हवा. तो खाली घसरू लागला की वास येण्याआधीच समजा. नुसतं नवं तेल ओतून भागत नाही, टाकी उपसून घासावी लागते. वर तरंगणारं प्रेसचं गळकं तेलही रोज काढा, त्याच्या झाकणाखालीच जिवाणूंचं फावतं.

जीआयच्या थप्प्या पावसात ओल्या ठेवू नका. पत्र्यांच्या मध्ये अडकलेल्या ओलीने पांढरा गंज चढतो, आणि ती पांढरी पूड पुढे डायमध्येच जाते.

पायरी सातवी: काम संपल्यावर

जॉबवरचं तेल पुढच्या खात्याची डोकेदुखी असते. पावडर कोटिंगला जाणारा जॉब अल्कलाइन द्रावणाने धुतात; ओढल्यावर आठ-दहा दिवस पडून राहिला तर तेल सुकून चिकट होतं आणि निघत नाही. तेल नक्की करण्याआधी एक जॉब तेल लावून आठवडाभर तसाच ठेवा, मग धुऊन बघा. पाणी सगळ्या पृष्ठभागावर अखंड पसरलं तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन तुटलं तर तेल शिल्लक.

स्वतःच्या हातांकडेही बघा. तेल रोज कातडीवर राहिलं की खाज, पुरळ येतं. तेलकट चिंधी खिशात ठेवायची नाही. मांडीवर त्याच जागी फोड आलेले पाहिले आहेत. हात थिनरने धुणं आणखी वाईट. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांप्रमाणे ते परवाना असलेल्याकडेच द्यायचं. गटारात ओतलेलं तेल इथे पावसाबरोबर शेतात आणि खाडीत पोचायला वेळ लागत नाही.

आणि चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी. गोव्यात चवथीला शॉप ओस पडतं, तेही ऐन पावसाळ्यात. एका वर्षी सुट्टीनंतर कपाटातून ड्रॉ डाय काढली. आरशासारख्या रेडियसवर तांबूस गंजाचा एक स्पष्ट अंगठा उमटलेला, एकेक रेघ मोजता येईल असा. घामातल्या मिठाने धातूवर सही केली होती. ठसा कोणाचा यावर बरीच थट्टा झाली. शेवटची डाय बघून कपाटात ठेवणारा मीच होतो.

तेव्हापासूनची पद्धत अशी. सुट्टीआधी डाय आधी बघायची, जे दिसलं ते वहीत लिहायचं, आणि मगच ड्रॉइंग तेल पूर्ण पुसून काढायचं, कारण त्यातली रसायनं आठवडाभर पडून राहिली तर तीच डाग पाडतात. स्वच्छ हातमोजे घालून पाणी हटवणारं गंजरोधक तेल लावायचं, कोपऱ्यांत आणि हवेच्या भोकांतही. मेणकागदात गुंडाळून जमिनीपासून वर, फळीवर ठेवायची. परत आल्यावर गंजरोधक तेल पूर्ण काढून मगच ड्रॉइंग तेल लावा, आणि पहिले पाच जॉब बाजूला काढून ट्यूबलाइटखाली धरा.